ठशातलं ताट

सासूबाई दोह्याला आमच्याकडे आल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मी वाढलेलं ताट दुरुस्त केलं. मी आपली भाजी वाढली होती, आमटीची वाटी ठेवली होती आणि चटणी जिथे जागा दिसली तिथे टाकली होती. त्यांनी चकार शब्द न बोलता चटणी चमच्याने उचलली आणि डाव्या बाजूला नेऊन ठेवली. मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर-लोणचं डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. हे मला माहीत नव्हतं असं नाही, माझ्या आईनेही तेच शिकवलं होतं. पण कतारला आल्यापासून आम्ही तिघं तीन वेगळ्या वेळी जेवत होतो, कधी टीव्हीसमोर, कधी सिंकपाशी उभ्या-उभ्या. तिथे कुठलं डावं आणि कुठलं उजवं? त्या दिवसापासून मात्र मी रोज ताट बरोबर वाढायला लागले आणि रोज मनातल्या मनात धुसफुसायला लागले.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, सिन्नरला अचानक गेले. संजीव, माझा नवरा, हमद पोर्टवर कंटेनरच्या कामात आहे. निरोप आल्याबरोबर तो निघाला, पण पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. एकुलता एक मुलगा असून अग्नी चुलतभावाने दिला. त्यानंतर महिनाभराने तो आईंना घेऊनच परत आला. "आता आई कायमची माझ्याकडे," असं त्याने एअरपोर्टवरच जाहीर करून टाकलं. मी म्हटलं, "हो, अर्थातच." दुसरं काय म्हणणार?

अल हिलालमधला आमचा फ्लॅट तसा ऐसपैस आहे, पण खिडक्या बंद आणि एसी सदा चालू. आई दिवसभर फिरत असत. बाल्कनीत जायच्या, गरम झळ लागली की आत यायच्या, स्वयंपाकघरातले डबे पुसायच्या, पुसून झाले की पुन्हा पुसायच्या. माझी मुलगी नुपूर वैतागून म्हणायची, "आजी, प्लीज सिट! यू आर मेकिंग मी डिझी." आई "बसते हं बाळा" म्हणायच्या आणि उभ्याच राहायच्या. मीही काही एका जागी बसणारी नाही. एका घरात दोन बायका अशा भिरभिरायला लागल्या की एकमेकींवर आदळतातच. जेवण तर त्यांचं चिमणीएवढं. एकदा वाढलेलं खाल्लं की ताटावर हात आडवा धरायच्या.

खरं सांगते, त्या परत जाव्यात असं मला वाटत होतं. उघड बोलत नव्हते, पण रोज वाटत होतं. आणि संजीवचं नेमकं उलट चाललं होतं. व्हिसा वाढवून झाला, आता तो त्यांच्या कायमच्या राहण्याची खटपट करत होता. सिन्नरच्या घराला त्याने गिऱ्हाईकसुद्धा शोधलं. "बंद घर ठेवून करायचंय काय? आईने इथल्या वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्रावर सही केली की खलास," तो म्हणाला. घर गेलं की आई परत जाणार कुठे? म्हणजे मग माझी काही सुटका नव्हती.

अण्णांचं वर्षश्राद्धही आम्ही इथेच केलं. गुरुजी नाशिकहून मोबाइलच्या पडद्यावर मंत्र सांगत होते, आणि मी वाढपी. "पितरांचं पान उलटं वाढायचं बरं का वहिनी," गुरुजी म्हणाले. "जे रोज डावीकडे ते आज उजवीकडे." मला सारखं अडखळायला होत होतं. हात आपोआप डावीकडे जायचा आणि आई शेजारून हळूच म्हणायच्या, "तिकडे नाही, आज इकडे." घरात ओळखीची मराठी मंडळी बसली होती. सगळ्यांनी ते पान पाहिलं.

त्या श्राद्धानंतरच्या आठवड्यात मी घराबाहेर पडायचं निमित्त शोधलं. सूक वाकिफ या जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत एक छोटी आर्ट गॅलरी आहे. तिथे जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचं प्रदर्शन लागणार होतं आणि त्याच्या आधी ठसे कोरायला शिकवणारा वर्ग होता. मी लग्नाआधी नाशिकला शाळेत चित्रकला शिकवायचे. इथे आल्यापासून ब्रश हातात धरला तो नुपूरच्या प्रोजेक्टपुरता. पहिल्या दिवशी गेले आणि आतल्या भिंतीवर लावायला काढलेली ती चित्रं पाहून खिळून राहिले.

राजे नाहीत, लढाया नाहीत. सगळी घरं आणि घरातल्या बायका. एक चुलीपुढे बसून बांबूच्या नळीने जाळ फुंकतेय, चक्क आपली फुंकणीच. एक केस विंचरताना दातांत दोरा धरून उभी आहे. दोघी मिळून मच्छरदाणी बांधतायत आणि एकीचं टोक काही केल्या पोचत नाहीये. एक पोराला अंगावर पाजतेय आणि पोराचं लक्ष भलतीकडे. दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या या बायका, आणि त्यांतली एकही निवांत बसलेली नाही! प्रत्येकीचा हात कशात ना कशात गुंतलेला. मला एकदम हायसं वाटलं. म्हणजे ही भिरभिर माझी एकटीची नव्हती.

आमची शिक्षिका इनाया, लाहोरची, माझ्याहून बरीच लहान. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "लकडी पर जो दायाँ, कागज पर वो बायाँ. याद रखना." मग तिने एक किस्सा सांगितला. किमोनोची डावी बाजू नेहमी उजवीवर येते. उजवी डावीवर येते ती फक्त मेलेल्या माणसाला नेसवताना. तिच्या एका विद्यार्थिनीने हे विसरून सुलटंच कोरलं आणि छापल्यावर चहा ओतणारी बाई थेट मढ्यासारखी नेसलेली निघाली. आम्ही सगळ्या खो-खो हसलो. मी तर जास्तच हसले.

शेवटी प्रत्येकीने आपल्या घरातलं एक चित्र कोरायचं होतं. मी आईंना काढलं, जेवायला बसलेल्या. का त्यांनाच? घरात त्याच तर डोळ्यांपुढे असायच्या. आणि चित्र काढायचं म्हणून मी त्यांच्याकडे नीट पाहायला लागले तेव्हा माझी धुसफूस जरा कमी व्हायची. नाकाचा बाक, कानामागे खोचलेली बट, घासाकडे जाण्याआधी क्षणभर थबकणारा हात, हे सगळं मी पातळ कागदावर रेखाटलं. कागद उलटा करून फळीवर चिकटवला, म्हणजे छापताना सगळं सुलट येणार. पदर डाव्या खांद्यावर, घास उजव्या हातात. हे सगळं मी नीट तपासलं.

फसले ते ताटापाशी. कागदाचा तो कोपरा चिकटवताना फाटला आणि ताटाच्या रेघा गेल्या. ताटच ते, त्यात काय एवढं, म्हणून मी पेन्सिल घेतली आणि थेट लाकडावर काढलं. मीठ वर, चटणी आईंच्या डावीकडे, भाजी उजवीकडे. हाताला जे रोज टोचून-टोचून शिकवलं होतं ते त्याने निमूट केलं. आईंसमोर बसून मी ज्या बाजूला चटणी ठेवत होते त्याच बाजूला कोरली. ती कागदावर कुठे उमटणार हा विचार मनाला शिवला नाही. छापण्याच्या दिवशी मी चेहरा पाहिला, बट तुटली नाही ना ते पाहिलं आणि आनंदाने किंचाळले. इनायाने कागद वाळत घातला, आणि पुढे चौकट करायलाही तिनेच नेला.

मग मी काय केलं? आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांना आमंत्रण धाडलं. 'शुक्रवारी संध्याकाळी नक्की या, माझं चित्र लागलंय!' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शुक्रवारी आईही आल्या. आधी त्या जपानी चित्रांच्या दालनात गेल्या, आणि काय सांगू, प्रथमच एका जागी थांबल्या. फुंकणीवाल्या बाईपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "डोळे बघ कसे मिटलेत, धूर गेलाय. ओली लाकडं असणार." मच्छरदाणीवाल्या दोघींपाशी हसल्या. "ही उंच सासू आणि ही बुटकी सून." मी म्हटलं, "कशावरून?" तर म्हणाल्या, "टोक कुणाचं पोचत नाहीये ते बघ ना. घरोघरी मातीच्याच चुली गं बाई." संजीव खूश होऊन माझ्याकडे पाहत होता. मलाही आई त्या घटकेला आवडल्या.

आमची चित्रं बाहेरच्या पॅसेजमध्ये होती. विभावरी तिथे आधीच पोचली होती. विभावरी म्हणजे मंडळाची सेक्रेटरी, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ती चक्क गप्प उभी होती, आणि तिच्या बाजूच्या बायकाही.

"आसावरी," ती म्हणाली, "हे ताट असं का गं वाढलंयस?"

मी पाहिलं. चटणी-कोशिंबीर आईंच्या उजवीकडे. भाजी-आमटी डावीकडे. आणि ताटापुढे माझ्या सासूबाई, हुबेहूब, जिवंत, घास उचलायला हात पुढे केलेल्या.

"हे तर पितरांचं पान," कुणीतरी मागून पुटपुटलं. "जित्या माणसापुढे?"

"अगं, ते उलटं छापलं जातं," मी घाईघाईने म्हणाले. "लाकडावर बरोबर होतं. ठशात सगळं उलटतं ना."

"सगळं कुठे उलटलंय?" विभावरी म्हणाली. "पदर बरोबर, हात बरोबर. तेवढं ताटच उलटलं होय? वा!"

सगळंच उलटलं असतं तर कुणालाही चूक कळली असती. मी बाकीचं इतकं जपून केलं होतं की उरलेली चूक मुद्दाम केल्यासारखी दिसत होती. आणि यातल्या निम्म्या बायकांनी मला त्या दिवशी अण्णांचं पान वाढताना पाहिलेलं होतं.

संजीव पुढे झाला. त्याने चित्र पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "प्लीज, इसे नीचे उतारिए," तो इनायाला म्हणाला. ती बिचारी माझ्याकडे पाहत राहिली, मग तिने चौकट काढून भिंतीकडे तोंड करून ठेवली. इतक्या वर्षांनी मी काहीतरी स्वतःचं केलं होतं आणि ते पाव तासही भिंतीवर राहिलं नाही. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता, पण कुणावर ते कळत नव्हतं.

आई तेवढ्या वेळात चित्राच्या अगदी जवळ जाऊन आल्या होत्या. "नाक बरं आलंय माझं," एवढंच त्या म्हणाल्या. गाडीत मी ते फाटलेल्या कागदाचं आणि लाकडाचं पुन्हा पुन्हा सांगितलं. संजीवने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "आधी मी वडिलांच्या वेळी पोचलो नाही," तो शेवटी म्हणाला, "आणि आता आईला हे."

दुसऱ्या दिवशी सकाळी संजीव पोर्टवर गेला, नुपूर क्लासला. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. मी भांडी लावत होते, उगाच जोरात.

"आसावरी, एक विचारते. खरं सांगशील?"

"आई, शप्पथ घेऊन सांगते, ते मुद्दाम नव्हतं. लाकडावर..."

"लाकडाचं कळलं मला. काल दहादा ऐकलं. हात चुकला, ते खरंच. मनात होतं का, ते विचारतेय."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. खोटं बोलायची फार इच्छा झाली. पण त्या माझ्याकडे अशा शांतपणे पाहत होत्या की जमलं नाही.

"तुम्हाला काही व्हावं असं कधीच मनात आलं नाही," मी म्हणाले. "पण तुम्ही परत जावं असं रोज येतं. रोज."

त्यांनी मेथीची एक काडी मोडली, पानं परातीत टाकली, देठ बाजूला ठेवला. "मग आपलं जमलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "मलाही जायचंय."

मी मटकन खुर्चीवर बसले. "काय?"

"आले त्या दिवसापासून. इथे काही कमी नाही गं, तुम्ही सगळे करता. पण मला माझ्या दाराला कुलूप लावून भाजीला जायचंय. परत येऊन ते उघडायचंय. शेजारची हाक मारते तिला ओ द्यायचीय. इथे मी नुसती येरझाऱ्या घालते. तुझ्या पायात येते, दिसत नाही का मला?"

"मग संजीवला सांगा ना!" मी जवळजवळ ओरडलेच. "तो घर विकतोय, आई. गुरुवारी सही करायला नेणार आहे तुम्हाला. कशाची वाट बघताय?"

"कसं सांगू?" त्यांचा आवाज बारीक झाला. "वडिलांच्या वेळी पोचला नाही, ते त्याला खातंय. सकाळी उठला की माझ्या खोलीत डोकावतो, मी आहे ना ते बघायला. तो मला माझ्यासाठी ठेवत नाही, स्वतःसाठी ठेवतोय. मी म्हटलं मला इथे राहायचं नाही, तर त्याला वाटेल आईलाही आपण कमीच पडलो. तो खचेल गं. त्यापेक्षा मी राहीन."

"आणि घर?"

"जाईल. काय करणार." त्या पुन्हा मेथीकडे वळल्या. "सगळे बाहेर गेले की मी त्या खिडकीशी उभी राहते. खाली कुणी ओळखीचं जाईल असं वाटतं. वेडेपणा नुसता."

मला इतकी शरम वाटली म्हणून सांगू. इतके दिवस आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी तडफडत होतो आणि एकमेकींना चुकवत फिरत होतो. मी म्हटलं, "मी सांगते त्याला. म्हणते, आईंना जायचंय."

त्यांनी मान वर केली. "माझं नाव घेतलंस तर मी सरळ नाही म्हणेन. आधीच सांगून ठेवते."

त्या संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला बसलो. कालपासून संजीव माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. मेथीची भाजी, वरण, भात. ताट मी वाढलं, बरोबर वाढलं, चटणी डावीकडे. संजीवने ते डोळ्याने तपासलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी बसून राहिले.

"आई, गुरुवारची अपॉइंटमेंट पक्की झाली," तो म्हणाला. "सकाळी यल्ला, चटकन निघू, दुपारपर्यंत परत."

आई वरण-भात कालवत होत्या. बोटं थांबली.

"घर विकू नकोस," मी म्हणाले. "आईंना सिन्नरला पाठव."

संजीवने घास खाली ठेवला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईंकडे. "आई, तुला जायचंय?"

मी मनात म्हणत होते, म्हणा हो. एकदाच म्हणा. त्या भातात पाहत होत्या.

"मी कुठे काय म्हटलंय," आई म्हणाल्या.

संजीव हळूहळू माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत राग होता, पण त्याहून जास्त थकवा होता. "म्हणजे ते ताट तू मुद्दाम कोरलं होतंस."

फळी अजून गॅलरीत होती. आणून तिच्यावरचं सुलट ताट दाखवलं असतं तर त्याला पटलं असतं, तो समंजस आहे. मग त्याने माफी मागितली असती, गुरुवारी आईंना वकिलातीत नेलं असतं आणि त्यांनी गुमान सही केली असती. मी आईंकडे पाहिलं. त्यांची बोटं तशीच भातात होती.

"हो," मी म्हणाले.

"मम्मा!" नुपूर म्हणाली. "यू डिड नॉट!"

"मुद्दामच कोरलं," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. "मला त्या या घरात नकोत. तू घर विकलंस तरी माझं मन बदलणार नाही. त्यांचं घर त्यांना राहू दे."

संजीवने पाण्याचा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला. मग तो आईंना म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका मऊ मी वर्षभरात ऐकला नव्हता, "आई, जिथे तुझा असा अपमान होतो तिथे मी तुला ठेवणार नाही. सिन्नरला जा. घर तुझंच आहे, कुणी विकत नाही. मी दर दोन-तीन महिन्यांनी येईन. तुला काही कमी पडू देणार नाही." बोलता बोलता तो ताठ बसला. आता कमी मी पडले होते, तो नाही.

आईंनी कालवलेला भात खाल्ला. सगळा खाल्ला. मग ताट जरा पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "थोडा भात वाढतेस, आसावरी?"

आमच्याकडे आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी भाताचं भांडं ओढलं, डाव हातात घेतला. संजीवने माझ्या मनगटाला धरलं आणि डाव काढून घेतला.

"तू नको," तो म्हणाला. "मी वाढतो."

त्याने वाढलं. आई जेवल्या, पोटभर जेवल्या, वर ताकही घेतलं. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, आणि तेच बरं झालं. पाहिलं असतं तर मी तिथेच रडले असते आणि सगळं बाहेर आलं असतं.